आठवा दिवा

आप्पाजींच्या मुलीच्या रुखवतात लाडू, चिरोटे, लोकरीचं हंसांचं जोडपं आणि या सगळ्यांच्या मधोमध एक वायरलेस सेट मांडलेला होता, हे मला राजाजीनगरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. सांगितलं खुद्द आप्पाजींनीच, आणि इतक्या मोठ्यानं की समोरच्या गिरणीतल्या बाईनं पीठ चाळता चाळता मान वळवली. त्यांना कमी ऐकू येतं हेही मला तेव्हाच कळलं.

ते माझे घरमालक. मूळचे निपाणीकडचे, पण बेंगळुरात चाळीस वर्षं काढलेले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी नागपूरहून भौतिकशास्त्र शिकून इंदिरानगरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत लागले होते आणि त्यांच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली होती. ते वर्ष चौऱ्याण्णव होतं. सकाळी सिल्व्हर ओकच्या झाडांमधून धुकं इतकं हळू निघून जायचं की ते गेलं कधी ते सांगता येत नसे.

आप्पाजींकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता. परीक्षा देऊन, मोर्स शिकून मिळवलेला. मुलगी पवित्रा चौदा वर्षांची झाल्यावर त्यांनी तिलाही परीक्षेला बसवलं. म्हणून तर तो सेट रुखवतात गेला. लग्न होऊन ती के. आर. पुरमला राहायला गेली. तिथे टेलिफोनचा नंबर अजून लागायचा होता, पण गच्चीवर तुळशीशेजारी अँटेना होती. रोज संध्याकाळी सहाला आप्पाजी टेबलाशी बसायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "हां, सांग पुट्टी."

पुट्टी म्हणजे कन्नडात छोटी. ती छोटी आता तिशीला आली होती.

मी आले त्या वर्षी त्यांचे कान झपाट्यानं गेले. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं की निम्मं पोचायचं. रेडिओच्या खरखरीतून आलेला आवाज तर पोचतच नसे. एका संध्याकाळी त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पवित्राचा आवाज मला गच्चीवर ऐकू आला, गिरणीतल्या बाईला ऐकू आला.

"सगळी गल्ली ऐकायलीय," आप्पाजी हसत म्हणाले, "मीच तेवढा नाही."

हसले, पण हात स्पीकरवर ठेवून बसून राहिले. आवाज संपल्यावर स्पीकरची थरथर थांबली तरी हात तिथेच.

"मोर्समध्ये बोला ना," मी कानाशी ओरडले. "टकटक हाताला कळेल."

"मोर्स इंग्रजीतलं. मी आणि पुट्टी इंग्रजीत काय बोलणार? हवामान उत्तम आहे? आभारी आहे?"

तेव्हा मी त्यांना त्या खोक्याबद्दल सांगितलं. रेडिओ आणि कॉम्प्युटरच्या मधे बसणारं एक छोटं खोकं. तुम्ही अक्षरं टाइप करायची, खोकं त्यांचा शिळेसारखा आवाज करून रेडिओला देतं, पलीकडचं खोकं त्या शिळेची पुन्हा अक्षरं करतं. लिहिलेलं आकाशातून जातं आणि पडद्यावर उतरतं. कान लागतच नाहीत.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मराठीत?"

"मराठीत," मी म्हणाले. खोकं उघडून न पाहता विज्ञानाच्या पदवीधरानं जितक्या ठामपणे बोलू नये, तितक्या ठामपणे.

पुढच्या शनिवारी आम्ही एस. पी. रोडवर गेलो. तिथे शिवाप्पांचं दुकान होतं, वायरींच्या वेटोळ्यांत आणि जुन्या मीटरांत बुडालेलं. शिवाप्पांनी दोन खोकी काढून काउंटरवर ठेवली. एक परदेशी, काळं, गुळगुळीत. पुढे हिरवे-तांबडे दिवे. कुठेही स्क्रू नाही, उघडायची जागाच नाही. दुसरं इथेच कुणीतरी शेडमध्ये बनवलेलं पत्र्याचं खोकं, झाकणाला चार स्क्रू, रंग जरा ओघळलेला.

"आप्पाजी, काळं घ्या," शिवाप्पा म्हणाले. ते त्यांच्याशी कन्नडात आणि माझ्याशी हिंदीत बोलत होते. "वर्षाची वॉरंटी. पत्र्याच्याला स्वल्प कटकट असते."

"दिवे बघ की कसले," आप्पाजी मला म्हणाले. त्यांना काळं आवडलं होतं.

मी पर्समधून फ्लॉपी काढली. मराठी अक्षरं पडद्यावर काढणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलं होतं. 'ळ'वर तर एक अख्खा रविवार गेला होता. दुकानातल्या कॉम्प्युटरला काळं खोकं जोडून मी टाइप केलं: पुट्टी.

पडद्यावर उमटलं: H]=h=\

"हे काय?" आप्पाजी.

पत्र्याचं जोडलं. पुन्हा तेच. H]=h=\

मी तिथेच स्टुलावर बसले आणि मग मला कळलं. त्यांनाही समजावून सांगितलं, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षर म्हणजे आठ दिव्यांची एक रांग. कुठले लागले, कुठले विझले, त्यावरून अक्षर ओळखायचं. इंग्रजीला सात दिवे पुरतात, आठवा कायम विझलेला. आपली अक्षरं, ज्यांनी ठरवली त्यांनी, आठवा दिवा लागलेल्या रांगांमध्ये नेऊन ठेवली आहेत. ही दोन्ही खोकी इंग्रजी माणसांसाठी बनवलेली. आलेल्या प्रत्येक अक्षराचा आठवा दिवा ती फुंकून टाकतात. 'प'चा दिवा विझला की H होतो, 'त'चा विझला की B.

"म्हणजे दोन्ही मुकीच की," आप्पाजी म्हणाले.

"काळं कायमचं. त्याला उघडायची सोयच नाही. पण हे बघा." मी पत्र्याचे चार स्क्रू काढले. आत चिप सॉकेटमध्ये बसवलेली होती, नखानं उचलता येईल अशी. खोक्यानं कसं वागायचं ते सगळं त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. ती काढायची, पुसायची, आपल्याला हवं तसं लिहून परत बसवायची.

खरं सांगायचं तर मला ते खोकं आप्पाजींसाठी हवं होतं त्याहून थोडं जास्त माझ्यासाठी हवं होतं. आत काय लिहिलंय ते बघायचं होतं. बहुतेक त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि उद्या तू नागपूरला परत गेलीस, मग हे कोण उघडणार?"

मी चिप नखानं उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चिप हातात घेऊन उजेडात धरली. तिच्या पाठीवर एक चिकटपट्टी होती. ती मी सोलली. खाली काचेची इवलीशी गोल खिडकी, आणि खिडकीच्या आत सोनेरी तारांमध्ये एक करडा ठिपका, एखाद्या तळ्याच्या तळाशी दिसणाऱ्या गावासारखा.

"याला खिडकी कशाला?"

"पुसायला. खिडकीतून जांभळ्या किरणांचा उजेड आत सोडला की ती सगळं विसरते."

आप्पाजी बराच वेळ त्या खिडकीत पाहत राहिले. मग शिवाप्पांकडे वळून म्हणाले, "सरी, ठीक. हीच द्या दोन."

एक खोकं राजाजीनगरात आणि एक के. आर. पुरमला. आमच्या इथे माझ्या कंपनीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर होता. तिकडे पवित्राचे यजमान दयानंद वर्कशॉपच्या हिशोबासाठी वापरत तो होता, घराच्या हॉलमध्ये, झोपाळ्यासमोर. मी बसवायला गेले तेव्हा पवित्राच्या सासूबाई, ठकुबाई, कणकेच्या खळीनं कीबोर्डवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवायला बसल्या. उंच, हसऱ्या, सगळ्यात नाक खुपसणाऱ्या.

"मला पण दिसेल ना गं काय बोलतात ते?"

"दिसेल की, ठकुबाई. नवीन चिप झाली की सगळ्यांना वाचता येईल."

"तोवर?"

"तोवर ही अशीच चिन्हं दिसतील. टाइप कराल तेही तसंच दिसेल, कारण आपण लिहिलेलं खोकं आधी स्वतः वाचतं, मग पडद्याला देतं. तोवर नुसता बोटांचा सराव करा."

पवित्रा दारात उभी राहून पदरानं हात पुसत पडद्याकडे बघत होती. बापासारखीच बघण्याची पद्धत, जणू पडद्याच्या मागे काही आहे.

चिपमधला मजकूर मी कंपनीच्या यंत्रावर वाचून घेतला आणि लांबलचक घडीच्या कागदावर छापला. रविवारी दुपारी गच्चीत तो पसरून वाचत बसायचे. उडू नये म्हणून कडेनं आप्पाजींच्या कुंड्या ठेवायचे. नुसते आकडे आणि अक्षरं, रांगांमागून रांगा. पण हळूहळू ते घरासारखं वाटायला लागलं. इथे एक खोली आहे जिथे अक्षर येऊन थांबतं, इथून एक बोळ निघतो, इथे तीन पायऱ्या उतरून परत मागे यायचं. अनोळखी माणसानं बांधलेलं घर. त्या माणसाला कुठे जिना हवासा वाटला, कुठे त्यानं आळस केला, हे दिसू लागलं. आणि या घरात कुठेतरी एक जण बसलेला होता, ज्याचं काम एकच: येणाऱ्या प्रत्येकाचा आठवा दिवा विझवणं. मी त्याला शोधत होते. उन्हाच्या तिरपीत कधी डोळा लागायचा आणि स्वप्नात मी त्याच बोळांतून फिरायचे, हातात कंदील घेऊन, आणि कुणीतरी मागून हळूच फुंकर घालायचं.

खाली सहाच्या सुमारास कीबोर्ड वाजायचा. सराव चाललाय, मी मनात म्हणायचे.

एकदा अर्धी वाटी साखर मागायला खाली गेले तर आप्पाजी पडद्यासमोर पोट धरून हसत होते. पडद्यावर चिन्हांचा चिखल.

"काय झालं?"

त्यांनी ओठांवरून प्रश्न ओळखला. "अगं, पुट्टीनं दयानंदाची—" आणि मधेच थांबले.

"तुम्हाला हे वाचता येतं?"

ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी त्यांना जेवता येतं का विचारलं. "H म्हणजे प. B म्हणजे त. तूच सांगितलंस की दुकानात. बाकीची एकेक करून दाबून बघितली. मोर्स याहून अवघड होतं. पुट्टीला तर माझ्या आधी आलं."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं. XZ" WZ"5 H]=h=\. हां, सांग पुट्टी.

मी साखर न घेताच वर गेले. मी खोक्याला बदलायला बसले होते, आणि या दोघांनी खोक्याला तसंच ठेवून स्वतःला बदललं होतं. आणि हे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नव्हतं. पण ठकुबाईंना मी शब्द दिला होता, आणि मला तो फुंकर मारणारा सापडायचाच होता.

तो सापडला. 7F नावाचा एक आकडा, तीन ठिकाणी बसलेला. सात दिवे ठेव, आठवा घालव, एवढाच त्याचा अर्थ. तिन्ही ठिकाणी FF लिहायचं, म्हणजे आठही राहू दे. कंपनीतल्या प्रयोगशाळेत मी दोन चिपा जांभळ्या दिव्याखाली ठेवल्या. पुसून झालेली चिप यंत्रावर वाचली की सगळीकडे FF दिसतं. कोऱ्या चिपमध्ये सगळे दिवे लागलेले असतात. त्यावर लिहायचं म्हणजे हवे तेवढे विझवायचे. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या दिवशी पडद्यावर ती लखलखती कोरी रांग पाहताना प्रथमच कळल्यासारखं वाटलं.

नवीन चिपा बसल्या. त्या संध्याकाळी राजाजीनगरच्या पडद्यावर पहिल्यांदा उमटलं: "आप्पा, दिसतंय का?" माझ्या हातचे ठिपके, माझा 'प', माझा 'स'. लगेच खाली दुसरं, घाईघाईत: "व्याही, मी ठकुबाई. आवळ्याचं लोणचं घातलंय. दयानंदाबरोबर पाठवते. मीठ कमी वाटलं तर मला दोष देऊ नका, सून घालत होती."

आप्पाजींनी लिहिलं, "सून माझी शिष्या. मीठ बरोबरच असणार." तिकडून ठकुबाईंचा टोमणा आला, इकडून आप्पाजींचा गेला. मी टाळ्या वाजवल्या. गिरणीतल्या बाईलाही बोलावून पडदा दाखवला.

पुढच्या काही संध्याकाळी मी मुद्दाम खाली जाऊन बसले. लोणचं, दयानंदांचं लेथ मशीन, गणपतीला कोण कुणाकडे. मधूनमधून पवित्राची ओळ असायची. "सगळं ठीक आहे. तुम्ही जेवलात का?" दुसऱ्या दिवशी: "सगळं ठीक आहे."

आप्पाजी हसायचे कमी झाले. कीबोर्डपाशी हात नुसते ठेवून बसायचे, पूर्वी स्पीकरवर ठेवून बसत तसे.

"सुखदा," ते एके दिवशी म्हणाले, "जुन्या चिपेतलं ते सगळं आहे काय तुझ्याकडे?"

"आहे ना. का? हिच्यात काही बिघडलं?"

"बिघडलं नाही. चांगलंच झालंय." नेहमी मोठ्यानं बोलणारा माणूस आता इतक्या हळू बोलत होता की मलाच कान पुढे करावा लागला. "माझे कान धड होते तेव्हा रोज बोललो आम्ही. वर्षानुवर्षं. मी म्हणायचा, सांग पुट्टी, आणि ती म्हणायची, सगळं ठीक आहे. हॉलमध्ये सेट, घरभर आवाज. मला वाटायचं, ठीकच आहे की. कान गेले आणि तुझ्या त्या फुटक्या अक्षरात ती पहिल्यांदा बोलली. खरं बोलली. आता परत ठीक आहे."

"काय बोलली?"

"ते तिचं आहे."

मला ते ऐकून राग आला नाही, पण कुतूहल मात्र अंगावर सरसरलं. सगळा तक्ता मला पाठ होता. त्या आठवड्यांत पडद्यावरची एक ओळ जरी नीट पाहिली असती तरी मी ती वाचली असती. मी चिखल समजून तिच्यावरून नजर फिरवली होती.

"ठकुबाई त्रास देतात का तिला?"

"छे. चांगली बाई आहे. पण चांगल्या माणसासमोर बोलता येत नाही असंही असतं की काहीतरी."

"मग जुनंच परत लिहून बसवते."

"नको. त्या बाईला दिसायचं बंद झालं तर ती पुट्टीला विचारणार, काय बिघडवलंस? आणि तिलाही हौस आहे गं. सारखी लोणच्याबद्दल लिहीत असते." त्यांनी खोक्याच्या झाकणावर बोट टेकवलं. "दोन्ही होत नाही काय?"

काळं खोकं घेतलं असतं तर हा प्रश्नच उद्भवला नसता. तिथे जे होतं ते होतं. मी पत्र्याचं घेतलं ते आठवा दिवा लागावा म्हणून, आणि आता त्याचं झाकण उघडायचं होतं ते तो विझवता यावा म्हणून. दुकानात उभं राहून हे कुणाला सुचलं असतं? उद्या काय हवंसं वाटेल ते आज ठाऊक नसतं, झाकणाला स्क्रू हवेत ते एवढ्याचसाठी.

दोन्ही चिपांच्या शेवटी बरीच न लिहिलेली जागा होती, FF-FF करत उजळत पडलेली. तिथे मी एक छोटी खोली बांधली. ठरावीक दोन बटणं एकदम दाबली की खोकं आकाशात पूर्ण आठ दिवेच सोडतं, परवान्याच्या नियमाप्रमाणे, लपवाछपवी न करता. फक्त आपल्या टेबलावरच्या पडद्याला देताना आठवा दिवा विझवतं. पुन्हा तीच बटणं दाबली की पुन्हा उजेड.

के. आर. पुरमला मी बसनं गेले. ठकुबाईंनी चिप बदलताना वरून वाकून पाहिलं, उपमा खायला घातला, आणि हे आणखी कशाला म्हणून विचारलं.

"जरा सुधारणा," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मग अँटेना बघायच्या निमित्तानं पवित्राला घेऊन गच्चीवर गेले. रेल्वे स्टेशनवरून एक मालगाडी संथ चालली होती, डब्यांमागून डबे. मी तिला बटणं सांगितली. तिनं मला परत विचारलं नाही, फक्त हवेत दोन बोटं एकदा दाबून पाहिली.

"आप्पांनी सांगितलं तुला?" तिनं विचारलं.

"काय सांगितलं?"

"मी काय लिहिलं ते."

"नाही, पवित्राक्का. तुमचं आहे म्हणाले."

ती गाडी संपेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "तुला वाचता येत असेल की पण."

"येतं."

"मग?"

"मग मी सहा वाजता गच्चीवर असते. झाडं बघते."

ती हसली. आप्पाजींसारखीच, आधी खांदे हलले आणि आवाज नंतर आला.

त्या संध्याकाळी मात्र मी खाली होते, चिप चालते का एवढंच बघायला. सहा वाजले. ठकुबाईंचं लोणचं झालं, दयानंदांची सर्दी झाली. मग ठकुबाईंची ओळ आली, "बसा, देवापाशी दिवा लावून येते."

क्षणभर पडदा स्तब्ध होता. समोरच्या गिरणीतून ताज्या पिठाचा वास येत होता. आता तिकडे पडद्यासमोरचा झोपाळा रिकामा असेल, आणि तो रिकामा नसता तरी चाललं असतं.

आप्पाजींनी आपली दोन बटणं दाबली.

"तुम्हाला कशाला हवंय?" मी कानाशी म्हणाले. "तुमच्या पडद्यावर कोण बघतंय? इथे मराठीच दिसू द्या की."

"तिच्याकडे अंधार असताना," ते म्हणाले, "आपल्याकडे दिवा कशाला?"

आणि त्यांनी जुन्या सवयीनं, एकेक बोट उचलत, लिहिलं:

XZ" WZ"5 H]=h=\

उत्तर यायला वेळ लागला. ते शब्द तेव्हा मल्लेश्वरमवरून, उल्सूरच्या तळ्यावरून, कुणाच्या वाळत घातलेल्या साड्यांवरून, सगळे दिवे लावून चालले असतील, आणि वाटेत कुणाला काही कळत नसेल. मग पडद्यावर पाच चिन्हं उमटली. %HhHZ. एवढं मी वाचलं. आप्पा, इतकंच.

पुढची ओळ सुरू झाली तेव्हा मी उठले. जिन्यात वळताना आप्पाजींची पाठ दिसली, पडद्याकडे झुकलेली. गच्चीवर सिल्व्हर ओकची पानं वाऱ्यानं उलटीसुलटी होत होती, एकदा हिरवी, एकदा रुपेरी. मी कुंड्या बाजूला करून बसले आणि झाडं बघू लागले.